वाचक विचारतात: खाडीत गरवायला पहिला रॉड कुठला घेऊ?

पाऊस ओसरून खाडीचं पाणी निवळायला लागलं की आमच्याकडे एकाच विषयाची पत्रं सुरू होतात, या वेळीही तेच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले आणि हे सगळे एकत्र घेतले.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. लहानपणापासून भाट्ये खाडीत तंगूस (नायलॉनची दोरी) बाटलीला गुंडाळून हातानेच गरवतोय. आता पहिल्यांदा रॉड-रील घ्यायचंय. दुकानदार १२ फुटी जाडजूड रॉड दाखवतो, म्हणतो खाऱ्या पाण्याला हाच लागतो. ऑनलाइन बघायला गेलो तर डोकंच फिरलं. बजेट ५००० पर्यंत. नेमकं काय घेऊ?

दादा, तो १२ फुटी रॉड दुकानातच राहू दे. तो वाईट नाहीये, पण तो गुहागरसारख्या उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे ८०-१०० ग्रॅमचं शिसं भिरकावायला बनवलेला असतो. खाडीत तुम्हाला एवढं लांब फेकून जायचंय कुठे? खाडीतला मासा बहुतेक वेळा काठाला असतो, तिवरांच्या मुळांपाशी, पुलाच्या खांबाला, कालवं चिकटलेल्या खडकांच्या बाजूला, नाहीतर उथळ पाणी संपून जिथे एकदम खोल होतं त्या कडेवर, आणि यातलं बरंचसं तुमच्यापासून १५-२० मीटरवरच असतं. तुम्ही तर इतकी वर्षं हाताने तंगूस टाकून मासे काढताय, तेव्हा लांब फेकण्यात काही नसतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

मग बघायचं काय तर रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात काय छापलंय ते. तिथे लांबी असते, लाइन किती पाउंडाची लावायची ते असतं आणि ल्युअरचं, म्हणजे चाऱ्याऐवजी बांधायच्या नकली माशाचं, वजन ग्रॅममध्ये असतं, उदाहरणार्थ ७-२१ ग्रॅम. हा ग्रॅमचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. खाडीत आपण काय फेकतो? कोलंबी लावलेला गळ आणि १०-१५ ग्रॅमचं शिसं, किंवा ७-१० ग्रॅमच्या जिग हेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) ३-४ इंची रबरी मासा, किंवा छोटा प्लास्टिकचा मिनो. म्हणजे सगळं मिळून ५ ते २० ग्रॅमच्या आत. ४०-८० ग्रॅम लिहिलेल्या रॉडने १० ग्रॅम फेकायला गेलात तर रॉड वाकतच नाही, आणि वाकला नाही तर ढकलणार कसा, ल्युअर पायाशी येऊन पडतो आणि माणूस म्हणतो मला कास्टिंग जमत नाही. उलट ५-१५ ग्रॅमच्या रॉडवर ४० ग्रॅमचं शिसं बांधून जोरात झटका दिला की टोक गेलंच.

त्यामुळे आधी फेकायचं किती ते ठरवा, रॉड मग आपोआप ठरतो. तुमच्यासाठी ७ फुटी, दोन तुकड्यांचा, ५-२० किंवा ७-२१ ग्रॅमच्या आसपासचा स्पिनिंग रॉड. त्यावर बहुतेक 'मीडियम लाइट' लिहिलेलं असेल, पण या लाइट, मीडियम लाइट वगैरे शब्दांवर फार विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं लाइट वेगळं असतं, एकाचा मीडियम लाइट दुसऱ्याच्या मीडियमइतका कडक निघतो. ग्रॅमवर जा. जेटीवरून किंवा पुलाजवळच्या उंच बांधावरून गरवत असाल तर ८ फूट चालेल, लाइन खडकांपासून लांब ठेवता येते. होडीतून जायचं असेल तर साडेसहा फूट बास, आणि तिवरांच्या खाली शिरून उभं राहायचं असेल तरी तेवढाच, नाहीतर प्रत्येक फेकीला टोक फांदीत.

आता ॲक्शनचं. फास्ट ॲक्शन म्हणजे वरचा तिसरा हिस्सा वाकतो, मॉडरेट म्हणजे वाक मध्यापर्यंत येतो. सगळीकडे फास्टच घ्या म्हणून सांगतात आणि ल्युअरला ते बरोबरही आहे. पण तुम्ही कोलंबीवाले आहात, आणि फास्ट रॉडचा झटका असा बसतो की सोललेली कोलंबी हवेतच गळातून सुटून एकीकडे आणि गळ दुसरीकडे. चारा लावून गरवणाऱ्याने मॉडरेट-फास्ट घ्यावा, फेक जरा संथ जाते, कोलंबी टिकते, आणि मुडदुशी किंवा करकरा हळूच तोंड लावतो तेव्हा त्याला लगेच कडक टोक लागत नाही. कोलंबी शेपटीकडून गळात घालून डोक्याकडे ओढून बसवलीत तर अजून टिकेल.

मटेरियलचं म्हणाल तर पूर्ण कार्बनचा रॉड हलका आणि संवेदनशील, पण त्याला खडकावर ठोकर लागली, शिसं आपटलं की बारीक चीर जाते, दिसत नाही, आणि पुढच्या मोठ्या माशाला फाटकन मोडतो. ग्लासचा जड पण दणकट. दोन्ही मिसळलेले कंपोझिट येतात, पहिल्या रॉडला माझं मत त्यालाच. कारण पहिले रॉड माशाने फारसे मोडत नाहीत, ते स्कूटरवरून नेताना, गाडीच्या दारात आणि घरातल्या पंख्यात मोडतात.

दुकानात गेलात की एवढं करा. कान साफ करायचा कापसाचा बोळा प्रत्येक गाइडच्या (लाइन ओवायच्या कडीच्या) रिंगमधून फिरवा, कापसाचा धागा अडकला तर तिथे चीर आहे, ती चीर तुमची लाइन कापणार. दोन तुकडे जोडून एका डोळ्याने सरळ रेषेत बघा आणि सांधा हलतोय का ते पण बघा. रील लावून रीलच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोला, टोकाकडे धपकन झुकला तर तासाभरात मनगट बोलायला लागेल. आणि दुकानदार टोक हातात धरून वाकवून दाखवायला लागला तर त्याला तिथेच थांबवा, असं वाकवलेलं टोक दुकानातच मोडतं, नाही मोडलं तर अर्धं मोडून तुमच्या घरी येतं.

५००० मधले १५००-१८०० रॉडला, २०००-२४०० रीलला, उरलेले लाइन, लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा), गळ आणि पक्कड यांना. लोक उलटं करतात, रॉडवर सगळे घालवतात आणि लाइन फुकट आलेली वापरतात. तयार कॉम्बो घ्यायचाच असेल तर नाव असलेल्या कंपनीचा घ्या, पण त्यावर आधीच गुंडाळून येणारी लाइन मात्र काढून टाका.

प्रश्न : रीलवर ५+१, ९+१, १३+१ बेअरिंग असं लिहिलेलं असतं. जास्त बेअरिंग म्हणजे जास्त चांगली ना? आणि ड्रॅग १० किलो की १५ किलो बघू? — एक वाचक, पनवेल

दोन्हीला नाही. स्वस्तातल्या रीलमध्ये १३ बेअरिंग म्हणजे गंजायला १३ जागा. खाऱ्या पाण्यात चारच चांगली, सील केलेली बेअरिंग असली तरी रील वर्षानुवर्षं चालते. आकडा छापायला सोपा म्हणून छापतात.

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की रील किती ताणाला लाइन सोडते ते, त्याचं गणित करून बघा. तुमची लाइन १५ पाउंडाची, म्हणजे साधारण ६.८ किलो. ड्रॅग लावायचा लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई, म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन किलो. मग १५ किलोचा ड्रॅग काय करायचाय? तो पूर्ण आवळलात तर आधी लाइन तुटेल नाहीतर रॉड. बघायचं ते ड्रॅग किती घट्ट होतो ते नाही, किती गुळगुळीत सुटतो ते. दुकानात ड्रॅग अर्धा आवळा, लाइन हाताने एकसारखी ओढा, सुरुवातीला अडून मग धाडकन सुटला तर ती रील ठेवून द्या, कारण जिताडा डोकं झटकतो तेव्हा त्या अडण्यातच लाइन जाते. घरी आल्यावर भाजी तोलायचा हुकचा काटा लाइनला अडकवून एकदा दोन किलोला ड्रॅग सुटतो का बघा, हाताला तो अंदाज बसला की पुढे काटा लागत नाही.

साइज २५०० किंवा ३०००. पण इथे एक गोम आहे, हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नाहीत. शिमानोची २५०० आणि दाइवाची जुनी २५०० शेजारी ठेवलीत तर दाइवाची चांगलीच मोठी दिसते, नंतर दाइवाने एलटी मालिकेत आकडे बदलून ते जवळ आणले. म्हणून स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या फिरकीवर) लाइन किती मावते ते वाचा. पीई १ नंबरची (पीई हा जाडीचा नंबर) ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, १५०-२०० मीटर मावली की खाडीला झालं. गिअर रेशो ५ ते ६ च्या मधला चालतो, त्यात डोकं घालू नका.

रीलला खरं मारतं ते मीठ, आणि तेही एका जागी, लाइन रोलरला. बेलच्या, म्हणजे रीलवरच्या उघडझाप होणाऱ्या तारेच्या टोकाला जी छोटी चकती असते, लाइन तिच्यावरून वळून स्पूलवर जाते, ती. मीठ बसून ती फिरायची थांबली की ब्रेड तिच्यावर घासत राहते, चकतीला खाच पडते आणि मग त्या खाचेत लाइन रोज थोडी थोडी चिरते, आणि माणूस लाइनला शिव्या घालतो. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी आत वॉशरपर्यंत जाणार नाही, नळाखाली गोड्या पाण्याची बारीक धार सोडा, फडक्याने पुसा, रोलरवर रीलच्या तेलाचा एक थेंब, रोलर बोटाने फिरवून बघा, आणि मग ठेवताना ड्रॅग सैल. बादलीत बुडवू नका, गाडी धुवायच्या प्रेशर पाइपने तर अजिबात नको, मीठ बाहेर यायच्या ऐवजी आत जातं.

आणि फेकून झाल्यावर बेल हाताने बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, हँडल फिरवून खटकन बंद करू नका. ब्रेडचे अर्धे गुंते तिथेच तयार होतात.

प्रश्न : आमच्या देवबागला सगळे तंगूसच वापरतात. मुंबईहून आलेली मुलं ब्रेड वापरतात आणि आम्हाला हसतात. ब्रेड घेऊ का?

हसू द्या त्यांना, कर्ली नदीच्या मुखाशी कालवांच्या खडकावर ब्रेड एकदा घासली की कळेल. ब्रेड बारीक आणि ताकदवान असते, पीई १ ची जाडी ०.१६५ मिमी आणि ताकद साधारण १५-२० पाउंड, तेवढ्याच ताकदीचा तंगूस दुपटीच्या आसपास जाड असतो. बारीक असल्याने हलकं वजन लांब जातं, वाहत्या पाण्याचा जोर कमी लागतो आणि ताणत नसल्याने मुडदुशीची टिचकीसुद्धा बोटात कळते. पण धारेला ती फार नाजूक. म्हणून पुढे २५-३० पाउंडाचा लीडर, साध्या जाड तंगुसाचा चालेल, एक ते दीड मीटर, डबल युनी गाठीने जोडा, ती शिकायला सोपी आहे. एफजी गाठ जास्त बारीक बसते आणि गाइडमधून सुळकन जाते, पण ती घरी पंख्याखाली बसून शिका, खाडीवर वाऱ्यात नको. गाठ ओढायच्या आधी थुंकी लावून ओली करा.

चाराच लावून गरवणार असाल, ल्युअर नाहीच, तर १०-१२ पाउंडाचा तंगूस रीलला भरा आणि निवांत राहा, पहिल्या वर्षाला तेच बरं म्हणेन मी. गुंता झाला तर कापून टाकायला जीव जळत नाही. फक्त कापलेला तुकडा तिथे टाकू नका, बगळ्या-खंड्याच्या पायात अडकतो, खिशात घालून घरी न्या.

ब्रेड घेतलीत तर स्पूलवर थेट बांधू नका, ती गुळगुळीत स्पूलवर सबंध गरगर फिरते आणि वाटतं ड्रॅगच गेला. आधी तंगुसाचे आठ-दहा वेढे, मग ब्रेड. भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा आणि स्पूलच्या काठाला दोनेक मिमी शिल्लक ठेवा. खडकात अडकली की हाताला गुंडाळून ओढू नका, कापतेच, एखाद्या काटकीला गुंडाळा आणि रॉड सरळ त्या दिशेला धरून ओढा.

प्रश्न : मुलगा सिडनीला असतो, डिसेंबरमध्ये येतोय. तिकडून रॉड आणायला सांगू का? तो म्हणतो तिकडे रॉडवर ग्रॅम नाही, किलो लिहितात. — पुणे, मूळ गाव जयगड

काका, तिकडे बऱ्याच रॉडवर २-४ किलो असं असतं, ते माशाचं किंवा ल्युअरचं वजन नाही, किती किलोची लाइन लावायची ते आहे. तिकडची मंडळी खाडीत ब्रीम आणि फ्लॅटहेड या माशांना ७ फुटी २-४ किलोचा रॉड आणि २५०० ची रील वापरतात, आपल्या शास्त्रीच्या खाडीलाही तो छान चालेल. ग्रॅमचा आकडा कंपनीच्या साइटवर बघून घ्यायला सांगा. अडचण नेण्या-आणण्याची, दोन तुकड्यांचा ७ फुटी म्हटला तरी १०७ सेंमीचा नग होतो, बॅगेत मावत नाही. चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड ५३-५५ सेंमीत बसतो. रील मात्र इथेच घ्या, सुटा भाग लागला तर परत सिडनीला कोण पाठवणार.

प्रश्न : तांबोशीसाठी बेटकास्टर घेऊ का? व्हिडिओत सगळे तेच वापरतात.

बेटकास्टर म्हणजे रॉडच्या वर बसणारी, स्पूल स्वतः फिरणारी रील. पहिला म्हणून नको. १० ग्रॅमच्या खालची वजनं साध्या बेटकास्टरने नीट जात नाहीत आणि वाऱ्यात स्पूलवर जो पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो तो सोडवण्यात भरती निघून जाते. वर्षभराने विचारा.

प्रश्न : आम्ही अलिबागजवळ राहतो. माझी ११ वर्षांची मुलगी रेवदंड्याच्या खाडीवर गरवायला जायचं म्हणून मागे लागलीय, मला यातलं काहीच माहिती नाही. तिला काय घेऊन देऊ आणि केव्हा नेऊ?

ताई, तिला ६ फुटी, ग्लासचा किंवा कंपोझिट रॉड आणि २००० ची छोटी रील, आणि ८-१० पाउंडाचा तंगूस. खेळण्यातले प्लास्टिकचे सेट घेऊ नका, ते पहिल्याच बोयीला दगा देतात आणि पोर कायमची कंटाळते. एक गोष्ट लक्षात ठेवा, रायगडकडे भरती-ओहोटीचा फरक सिंधुदुर्ग-गोव्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कुंडलिकेचं पाणी जोरात ओढतं आणि मालवणकडे १० ग्रॅमचं शिसं तळाला बसतं, तर तुमच्याकडे २० ग्रॅमचंही वाहून जाऊ शकतं. म्हणून १०-३० ग्रॅमचा रॉड बघा.

केव्हा न्यायचं ते घरातल्या कॅलेंडरवर आहे. तिथीचा पाऊणपट केला की भरती पुरी होण्याची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दिवसा पण आणि रात्री पण. तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकी, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात, मुलांना नेऊ नका. अष्टमीच्या जवळपास भांग असते, पाणी शांत, शिकायला तेच बरं, आणि भरती चढायला लागल्यापासूनचे दोन तास धरा. पाणी सगळं थांबलं की मासाही थांबतो, तेव्हा तिला भेळ खाऊ द्या.

शिंगाळा लागला तर तिला हात लावू देऊ नका, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कानांजवळचा काटा विषारी असतो, लागला की हात ठणकतो. लांब पक्कड जवळ ठेवा. चिखलात किंवा वाळूत उतरायचं झालं तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, म्हणजे खाली पाकट असलं तर ते आधीच निघून जातं.

प्रश्न : चिपळूणकडे वाशिष्ठीत गरवतो. हलक्या रॉडवर तांबोशी आणि जिताड्याची पिल्लंच लागतात, मोठा मासा येत नाही. रॉड बदलू का? आणि मगरींचं काय?

रॉड बदलून मासा मोठा होणार नाही. खाडीत वरच्या बाजूला असतात त्या तांबोशी बहुतेक लहानच असतात, त्या तिवरांत वाढतात आणि मोठ्या झाल्या की समुद्राकडे खडकाला निघून जातात. जिताड्याचं तर अजून वेगळं, तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे लहान लहान सगळे काढून खाल्ले तर पुढे अंडी घालायला मादीच उरत नाही. वीतभर असेल तर सोडून द्या. हलक्या रॉडचा इथे फायदाच आहे, पिल्लू फार ओढलं जात नाही. गळाची उलटी धार पकडीने चेपून ठेवा, मासा पाण्यातच धरून सोडवता येतो, आणि तुमच्या बोटात घुसला तरी तो लगेच निघतो. मोठ्यासाठी खाली दाभोळकडे सरका, खांब-खडकाजवळ जा, आणि तिथे हाच रॉड ठेवून फक्त लीडर ४० पाउंडाचा करा, ड्रॅग जरा वाढवा, कारण तांबोशी पहिल्या दोन सेकंदांत खडकात घुसते आणि घुसली की संपलं.

मगरी वाशिष्ठीत आहेत आणि चांगल्या मोठ्या आहेत. पाण्याच्या अगदी काठाला उकिडवं बसून मासा धुवू नका, साफ करायचा तर घरी करा, घाण तिथे टाकू नका. काठापासून दोन-तीन मीटर मागे आणि जरा उंचावर उभे राहा, संध्याकाळ झाली की आवरा. ७ फुटांच्या ऐवजी ८ फुटी रॉड तुमच्याकडे याच कारणासाठी बरा, मागे उभं राहूनही लाइन पाण्यात नीट पडते. आणि विजेच्या तारांखालून जाताना तो आडवा धरा, कार्बनमधून करंट जातो.